एका खुनाचे 148 आरोपी आणि जामिनाचा प्रश्न

हरियाणातील मानेसर येथे मारुती सुझुकीच्या कारखान्यात 18 जुलै 2012 रोजी उसळलेल्या हिंसाचारात व जाळपोळीत मनुष्यबळ विभागाच्या महाव्यवस्थापकांचा मृत्यू झाला आणि त्या एका मृत्यूसाठी 148 कामगारांवर खुनाचा खटला चालला. एका खुनासाठी इतके आरोपी उभे राहू शकतात, याचे कारण बेकायदेशीर जमावाच्या तरतुदीत आहे. जमावाच्या समान उद्दिष्टासाठी एखाद्याने गुन्हा केला, तर त्या जमावातील प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा दोषी ठरू शकतो, मग घाव कोणाचाही असो.

खून हा अजामीनपात्र गुन्हा आहे. याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नसून तो हक्काने मागता येत नाही, न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असतो, एवढाच आहे. आणि शिक्षा फाशीची किंवा जन्मठेपेची असल्याने हा विवेक बहुधा सत्र किंवा उच्च न्यायालयालाच वापरावा लागतो. दोष सिद्ध झाला आहे काय, हे या टप्प्यावर ठरवायचे नसते. प्रथमदर्शनी पुरावा किती आहे, आरोपी फरार होईल काय, साक्षीदारांवर दबाव आणील काय, हे पाहायचे असते. कारखान्यातील खुनात या शेवटच्या प्रश्नाला विशेष वजन येते, कारण साक्षीदार हे आरोपींच्याच पाळीतील सहकारी किंवा त्यांचे पर्यवेक्षक असतात. मात्र कारखान्याच्या आवारात पाऊल न ठेवण्याची, साक्षीदारांशी संपर्क न करण्याची अट घालून ही भीती पुष्कळ कमी करता येते.

मानेसरच्या कामगारांना जामीन नाकारताना पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने मे 2013 मध्ये जी कारणे दिली, त्यांत या घटनेने देशाची जगात नाचक्की झाली आणि कामगार अशांततेच्या भयाने परदेशी गुंतवणूकदार पाठ फिरवतील, हेही एक होते. हे कारण जामिनाच्या कोणत्याही मान्य कसोटीत बसत नाही. गुंतवणूकदाराच्या मनातील भय आणि एखाद्या आरोपीची पळून जाण्याची शक्यता यांचा परस्परसंबंध जोडणे कठीण आहे. शिवाय आरोप सामूहिक असला तरी जामीन वैयक्तिक असतो, त्यामुळे प्रत्येकाच्या नावापुढे नेमकी कोणती कृती लिहिली आहे, हे पाहणे अधिकच आवश्यक होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2015 मध्ये दोघा कामगारांना जामीन दिला आणि त्यानंतर इतरांचा मार्ग मोकळा झाला. तोवर अनेकांनी अडीच वर्षांहून अधिक काळ कच्चे कैदी म्हणून, म्हणजे दोष सिद्ध होण्याआधीच, तुरुंगात काढला होता.

मार्च 2017 मध्ये गुरुग्रामच्या सत्र न्यायालयाने 31 जणांना दोषी ठरवले व 117 जणांची निर्दोष मुक्तता केली. दोषींपैकी 13 जणांना खुनासाठी जन्मठेप झाली, चौघांना पाच वर्षांची शिक्षा, तर 14 जणांनी भोगलेला कारावासच त्यांची शिक्षा मानला गेला. दोषी ठरलेल्याची आधीची कोठडी शिक्षेतून वजा करण्याची सोय कायद्यात आहे. निर्दोष सुटलेल्याच्या कोठडीचा हिशेब मात्र कुठेच लागत नाही, आणि चुकीच्या खटल्यांत भरपाई देण्यासाठी कायदा करण्याची शिफारस विधी आयोगाने 2018 मध्ये केली, तीही या निकालानंतर.