मोटार तरंगते तेव्हा

मॉरिशस बेटावरच्या शाळांत मराठी शिकवतात, ठाऊक आहे का? उसाच्या मळ्यांत मजुरीला गेलेल्या आपल्याकडच्या माणसांचे वंशज आहेत तिथं.

समजा, तुम्ही हौसेनं तिथं शिकवायला गेलात. तारीख १५ जानेवारी २०२४. बेलाल चक्रीवादळाचा धो धो पाऊस. राजधानी पोर्ट लुईमध्ये तुमची मोटार पाण्यात शिरते. ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतो, पण मोटार वळतच नाही! त्या दिवशी तिथल्या रस्त्यांवरून कितीतरी मोटारी खरोखरच अशा वाहत गेल्या.

एवढं जड धूड तरंगतं कसं? गणित करा. मोटार १००० किलोची, तळ ६ चौरस मीटर. तळ १० सेंटिमीटर बुडाला, की ६०० लिटर पाणी बाजूला सरतं आणि तेच तिला ६०० किलोनं वर रेटतं. १७ सेंटिमीटरला चाकं जमीन सोडतात! तळाखालची मोकळी जागा धरली तरी पाणी गुडघ्याइतकंही नसतं.

आपल्या मूर्तिजापूरकडे रपट्यावरून पाणी वाहत असलं, की "काढा हो, एवढंसं तर आहे," म्हणणारे काका भेटतातच. त्यांना हे गणित सोडवायला द्या!

आणि अडकलातच तर? दाराशी झटू नका. मीटरभर रुंद दार अर्धा मीटर बुडालं, तर बाहेरून सव्वाशे किलोचा रेटा असतो. आधी पट्टा सोडा, लगेच काच खाली करा. लहानग्यांना पुढं काढा, मग तुम्ही.