एकटे असू देण्याचा हक्क

कृत्रिम बुद्धिमत्ता, बौद्धिक संपदा आणि खासगीपणा या तिन्ही विषयांत वकिली करणारा एक नवा वर्ग गेल्या काही वर्षांत जगभर उदयास आला आहे. बड्या कंपन्या त्याला पदरी ठेवतात, विद्यापीठे त्याच्यासाठी निराळे अभ्यासक्रम काढतात, वृत्तपत्रे त्याचे मत विचारतात. सर्वसाधारण माणसाला मात्र हा सारा कारभार आपल्या गावचा वाटत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे झोपतात, तेथे खासगीपणा कसला? ज्याने आयुष्यात अर्जापलीकडे काही लिहिले नाही, त्याला बौद्धिक संपदा कसली? कामगारांच्या सभांतून हे प्रश्न आम्हाला अनेकदा विचारले गेले आहेत. ते रास्त आहेत आणि त्यांना रास्त उत्तर दिले पाहिजे.

ते उत्तर शोधताना आम्हाला एका वकिलाची कारकीर्द फार उपयोगी पडली. हा वकील १९४१ साली वारला. त्याने संगणक पाहिला नव्हता. पण आज या तीन विषयांत जे वाद चालले आहेत, त्यांची बरीचशी मुळे त्याच्या कागदपत्रांत सापडतात. त्याचे नाव लुई ब्रँडाइस.

ब्रँडाइसचा जन्म १८५६ साली अमेरिकेतील केंटकी राज्यात लुईव्हिल येथे झाला. आईबाप प्रागहून आलेले ज्यू निर्वासित. बापाचा धान्याचा व्यापार. महाविद्यालयाची पदवी नसताना त्याने हार्वर्डच्या कायदेशाळेत प्रवेश मिळवला आणि १८७७ साली तेथून तो पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला. पुढे सॅम्युअल वॉरन या वर्गमित्राबरोबर त्याने बॉस्टनमध्ये वकिली थाटली. वॉरनचे घराणे कागदाच्या व्यवसायातले, सधन.

त्या काळात दोन गोष्टी एकदम घडल्या. १८८८ साली ईस्टमनचा हातात धरण्याजोगा कोडॅक कॅमेरा बाजारात आला, आणि खमंग बातम्यांवर जगणारी वृत्तपत्रे भरभराटीस आली. तोवर छायाचित्र काढायचे तर माणसाला समोर स्थिर बसवावे लागे, म्हणजे त्याची संमती आपोआपच घेतली जाई. आता न विचारता चित्र टिपता येऊ लागले. १८९० च्या डिसेंबरात वॉरन आणि ब्रँडाइस यांनी हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. माणसाला एकटे असू देणे हा त्याचा हक्क आहे, हे न्यायमूर्ती कूली यांचे सूत्र त्यांनी उचलून धरले.

या लेखाची मांडणी पाहण्यासारखी आहे. नवा हक्क हवेतून काढता येत नाही. न्यायालयाला पूर्वीचा आधार द्यावा लागतो. या दोघांनी तो आधार लेखनाच्या मालकीच्या कायद्यातून घेतला. १८४९ साली इंग्लंडात एक खटला झाला होता. राणी व्हिक्टोरिया आणि तिचा पती अल्बर्ट यांनी घरच्या आनंदासाठी काही चित्रे कोरली होती. त्यांच्या प्रती भलत्या हातात गेल्या आणि स्ट्रेंज नावाच्या गृहस्थाने त्यांची वर्णनात्मक यादी छापण्याचा घाट घातला. न्यायालयाने ती यादीसुद्धा छापू दिली नाही. ब्रँडाइस आणि वॉरन म्हणाले, येथे जपले गेले ते केवळ धन नव्हे. यादीने चित्राची किंमत थोडीच कमी होते? येथे जपले गेले ते माणसाचे व्यक्तित्व. मग जो न्याय खासगी पत्राला, तोच खासगी आयुष्याला का नको? बौद्धिक संपदा आणि खासगीपणा हे दोन विषय एकाच वकिलाच्या मेजावर का येतात, याचे उत्तर येथे आहे. दोन्हींचा उगम एकच : जे माझ्यातून निघाले, त्यावर माझा शब्द चालावा.

श्रीमंतांची तक्रार, गरिबाचे हत्यार

हा लेख वरच्या वर्गाच्या तक्रारीतून निघाला, हे लपवण्याचे कारण नाही. पण हक्काचा स्वभावच असा असतो की त्याला जन्म देणाऱ्याच्या घरात तो कोंडून राहत नाही. १९०२ साली न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयापुढे एका सामान्य घरातील मुलीचा दावा आला. एका पिठाच्या जाहिरातीवर तिचे छायाचित्र न विचारता छापून सुमारे २५ हजार प्रती वाटल्या गेल्या होत्या. न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तिचा दावा फेटाळला. त्यावर एवढा गहजब झाला की पुढच्याच वर्षी विधिमंडळाला कायदा करावा लागला. दिवाणखान्यातला हक्क चौकात आला तो असा.

ब्रँडाइससुद्धा दिवाणखान्यात राहिला नाही. १९०८ साली ऑरेगन राज्यातील धुलाईघरांत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी दहा तासांच्या दिवसाचा कायदा वाचवण्याचे काम त्याच्याकडे आले. त्याने सर्वोच्च न्यायालयापुढे शंभराहून अधिक पानांचे टिपण ठेवले. त्यात निव्वळ कायद्याचा युक्तिवाद दोन पानांचा. बाकी सारे कारखाना निरीक्षकांचे अहवाल, डॉक्टरांच्या साक्षी, निरनिराळ्या देशांतील अनुभव. हे साहित्य गोळा करण्याचे कष्ट त्याची मेहुणी जोसेफिन गोल्डमार्क आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी उपसले. खटला जिंकला, आणि अशा टिपणाला ब्रँडाइसचेच नाव पडले. आमच्या मते प्रत्येक तरुण वकिलाने यातून एवढे घ्यावे की कायदा पुस्तकात असतो, पण खटला कामाच्या जागी असतो.

१९१० साली न्यूयॉर्कच्या शिवणकारखान्यांतील सुमारे ६० हजार कामगारांनी संप केला, तेव्हा समेटासाठी त्यालाच बोलावले गेले. लवाद आणि आरोग्य मंडळ यांची तरतूद असलेला करार घडला. तो काही वर्षांतच मोडला. पण मालक आणि संघटना यांनी नियमित बसून तंटे सोडवावेत, ही रीत त्याने घालून दिली.

घड्याळ आणि यंत्र

याच वकिलाच्या कारकीर्दीत आम्हा संघटनेच्या माणसांना खटकणारे एक प्रकरण आहे, आणि तेच आजच्या विषयाला सर्वांत जवळचे आहे. १९१० साली रेल्वे कंपन्यांनी भाडेवाढ मागितली. ब्रँडाइस व्यापाऱ्यांच्या बाजूने उभा राहिला आणि म्हणाला, भाडे वाढवू नका, कारभार सुधारा. त्यासाठी त्याने टेलर नावाच्या अभियंत्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. 'शास्त्रीय व्यवस्थापन' हे तिचे नाव याच सुनावणीमुळे घरोघर गेले. या पद्धतीत माणूस हातात घड्याळ घेऊन कामगाराजवळ उभा राहतो, त्याच्या प्रत्येक हालचालीचे सेकंद मोजतो, आणि कामगाराच्या हातातले ज्ञान व्यवस्थापकाच्या वहीत उतरवून घेतो.

ब्रँडाइसचे म्हणणे होते की संघटनेच्या संमतीने ही पद्धत आणली तर कामगाराचाही लाभ होईल. कामगारांना अनुभव निराळा आला. १९११ साली वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात घड्याळवाला येताच ओतकाम करणारे कामगार काम टाकून बाहेर पडले. चौकशी झाली, आणि १९१५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने अशा मोजणीवर सरकारी पैसा खर्च करण्यास बंदी घातली. ओतारी कामगारांनी खासगीपणावरचा तो लेख वाचलेला नसावा; पण आपल्यावर कोणी डोळा लावून बसू नये, ही त्यांची मागणी त्याच हक्काची होती.

आजचे यंत्र त्या घड्याळवाल्याचा नातू आहे. फरक एवढाच की तो जेवायला जात नाही. २०२३ च्या डिसेंबरात फ्रान्सच्या माहिती संरक्षण संस्थेने ॲमेझॉनच्या तेथील गोदाम कंपनीला ३ कोटी २० लाख युरोंचा दंड सुनावला. गोदामातील कामगाराच्या हातातले वाचकयंत्र दोन वस्तूंमध्ये सव्वा सेकंदाहून कमी वेळ गेला तरी नोंद करी, आणि दहा मिनिटे थांबला तरी करी. म्हणजे घाई हाही दोष आणि विसावा हाही दोष. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने उबरच्या काही चालकांच्या बाजूने निकाल दिला. त्यांची खाती संगणकाच्या संशयावरून बंद करण्यात आली होती. कंपनी म्हणाली, निर्णय माणसांनी तपासला होता. न्यायालयाला तो तपास नावापुरता वाटला. या चालकांच्या पाठीशी त्यांची संघटना होती, आणि संघटनेजवळ या विषयाचा जाणकार वकील होता. हक्क, संघटना आणि वकील हे तिन्ही एकत्र आले तेव्हाच निकाल लागला.

कल्पना कोणाची?

ब्रँडाइस १९१६ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाला. त्याची दोन विरोधी मतपत्रे आजही वाचली जातात. पहिले १९१८ चे. पहिल्या महायुद्धाच्या काळात एका वृत्तसंस्थेने असोसिएटेड प्रेसच्या बातम्या पूर्वेकडील शहरांतील फलकांवरून आणि पहिल्या अंकांवरून उचलून आपल्या वृत्तपत्रांना तारेने पाठवल्या. बहुमताने हे थांबवले. ब्रँडाइसचे मत असे की एखाद्या गोष्टीसाठी कष्ट आणि पैसा पडला एवढ्यावरून ती मालमत्ता होत नाही. तथ्ये आणि कल्पना एकदा प्रकट झाल्या की सर्वांच्या होतात. त्याला अपवाद करायचा तर तो चौकशी करून विधिमंडळाने करावा.

आज हाच वाद मोठ्या प्रमाणावर उभा आहे. ग्रंथ आणि वृत्तपत्रे यंत्राला वाचायला घालून कंपन्यांनी त्याला भाषा शिकवली. २०२३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने ओपनएआय आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यावर दावा लावला; २०२४ च्या नोव्हेंबरात एएनआय या भारतीय वृत्तसंस्थेने ओपनएआयला दिल्लीच्या उच्च न्यायालयात खेचले. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. कायदा बातमीतील तथ्याला कुंपण घालत नाही. ती ज्या शब्दांत मांडली त्या शब्दांना घालतो. तेव्हा कंपनीने केवळ तथ्य घेतले, की कोणाचे तरी शब्द उतरून घेतले, हा या वादाचा एक मोठा प्रश्न आहे.

पण विणकराचे कसब, ओताऱ्याचा अंदाज, परिचारिकेची नजर यांना कोणताही लेखाधिकार मिळत नाही. यंत्राने ते टिपून घेतले तर कायद्याचे पुस्तक मुके राहते. तेथे करारच बोलू शकतो. २०२३ साली अमेरिकेतील चित्रपट आणि दूरचित्रवाणी लेखकांनी १४८ दिवस संप केला आणि करारात लिहून घेतले की यंत्राला लेखक मानता येणार नाही, लेखकावर यंत्र वापरण्याची सक्ती करता येणार नाही, आणि त्याला दिलेला मजकूर यंत्राचा असेल तर तसे सांगावे लागेल. बौद्धिक संपदेचे हे रक्षण न्यायालयाच्या दारात नव्हे, संपाच्या मंडपात झाले.

दुसरे मतपत्र १९२८ चे. सिॲटलच्या एका चोरट्या दारूव्यापाऱ्याचे दूरध्वनी सरकारी माणसांनी कित्येक महिने चोरून ऐकले. बहुमत म्हणाले, घरात कोणी शिरले नाही, म्हणून घटनेचा भंग नाही. ब्रँडाइस म्हणाला, शास्त्र येथे थांबणार नाही. उद्या कपाट न उघडताच आतले कागद वाचण्याची साधने सरकारच्या हाती येतील. १९६७ साली त्याच न्यायालयाने जुना निकाल मोडीत काढला.

आपल्याकडे काय?

भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. १८९० च्या त्या लेखाची त्यात चर्चा आहे. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम जाहीर झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले.

हा कायदा कामगाराने बारकाईने वाचावा. माहिती घ्यायची तर संमती हवी, असे तत्त्व त्यात आहे. पण सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाला नुकसानापासून वाचवण्यासाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मोकळीक ठेवली आहे. शिवाय चुकार कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो सरकारी तिजोरीत जातो, ज्याची माहिती फुटली त्याच्या पदरात नव्हे.

दुसरा आधार जुनाच आहे. कामगारकपात होण्याचा संभव असेल अशी यंत्रसुधारणा करण्यापूर्वी कामगारांना नोटीस द्यावी, ही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती ती तरतूद २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. मात्र ज्या यंत्राने नोकरी जात नाही, केवळ पाळत वाढते, ते यातून सहज निसटते. ही फट करारानेच बुजवावी लागेल.

म्हणून प्रत्येक वाटाघाटीत चार प्रश्न लेखी विचारावेत, असे आमचे सांगणे आहे. आमची कोणती माहिती गोळा होते? ती कोण पाहतो? किती दिवस ठेवली जाते? आणि शिक्षेचा किंवा बडतर्फीचा निर्णय कोणता माणूस घेतो, त्याचे नाव काय? चौथ्या प्रश्नाला 'संगणक' असे उत्तर आले तर ते स्वीकारू नये. मुकादमाशी भांडता येत होते, कारण त्याला तोंड होते. यंत्रामागच्या माणसाला तोंड दाखवायला लावणे हे आजच्या चळवळीचे काम आहे.

आणि या सभेला जे तरुण कायद्याचे विद्यार्थी आले आहेत, त्यांना एक विनंती. तुम्ही या नव्या विषयांत जरूर पडा. कंपन्या तुम्हाला बोलावतील. तेथील काम शिकण्यासारखे आहे. पण एखादा दिवस गोदामात, एखादा कॉलसेंटरमध्ये, एखादा माल पोहोचवणाऱ्या मुलाच्या दुचाकीमागे बसून घालवा. यंत्र त्याचे काय मोजते ते टिपून घ्या. तुमच्या टिपणात कायद्याची दोन पाने असली तरी चालतील. बाकीची पाने तुम्हाला ही माणसे लिहून देतील.