पडद्यावरील श्रम आणि मरण

परवां बुलढाण्यास आमच्या घरीं आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांनीं एकत्र बसून नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (2014) हा चित्रपट पाहिला. कैकाडी कुटुंब डुकरें धरण्यासाठीं रानोमाळ धांवत असतां आमचीं मुलें हंसूं लागलीं. तोंच पडद्यावरील गांवकरीही तसेच हंसतांना दिसले! खोलींतील हंसूं तत्काळ विरलें. शेवटीं जब्यानें भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकांच्याच अंगावर कां येतो, हें मग कोणास सांगावें लागलें नाहीं.

ज्यांच्या कष्टांवर समाज उभा, त्यांचे श्रम व मरण चित्रांत कसें दाखवावें, हा प्रश्न केवळ आपलाच नव्हे. जोतीराव फुले यांनीं 1873 सालीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या अमेरिकनांस अर्पण केला. तेव्हांपासून या दोन दुःखांचें नातें महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्याच अमेरिकेंतील कृष्णवर्णीय कलावंत आर्थर जाफा यांनीं 2016 सालीं सुमारें साडेसात मिनिटांची एक चित्रफीत रचिली. तिचें नांव 'लव्ह इज द मेसेज, द मेसेज इज डेथ'. दृश्यें बहुतेक इतरांनीं टिपलेलीं. कृष्णवर्णीयांचें गाणें, नाचणें, खेळ व प्रवचनें यांच्या शेजारींच पोलिसांच्या गोळीनें पडणारा माणूस तींत दिसतो. आनंद आणि वध एकाच दमांत पाहिल्यावर केवळ करमणुकीसाठीं बसलेला प्रेक्षक अस्वस्थ झाल्यावांचून राहत नाहीं.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' या चित्रपटानें उलट वाट धरिली. गटारांत उतरणारा वासुदेव पवार मेला आहे. परंतु त्याचें मरण एकदाही दिसत नाहीं. न्यायालय शाहिराच्या गाण्यावर खल करितें. शाहिराची ही भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनीं केली. मग विधवा साक्षीस उभी राहते. झुरळ बाहेर आलें म्हणजे आंत श्वासापुरती हवा आहे, असें तिचा नवरा समजे! या साध्या बोलांपुढें रक्ताचें दृश्य फिकें पडावें. असें काम करवून घेण्यास 2013 च्या कायद्यानें बंदी आहे. तरी हीं मरणें थांबलेलीं नाहींत.

असो. त्या रात्रीं आमच्या धाकट्या नातीनें विचारलें, "आपल्या गल्लींतलें गटार उपसायला येतात, त्या काकांचें नांव काय?" घरांत अकरा माणसें, एकासही तें ठाऊक नव्हतें. वाचकांनीं हे दोन्ही चित्रपट मुलाबाळांसह पाहावेत, आणि तोच प्रश्न आपापल्या घरीं विचारून पाहावा.