भेगा मोजून तेल मोजता येत नाही

भिलाईत बोअरचा विषय निघाला की गाडी तेलावर यायला वेळ लागत नाही. "इथे खाली चुनखडी, मुंबई हायलाही चुनखडीच. इथे भेगांत पाणी, तिथे भेगांत तेल. जितक्या भेगा तितकं तेल!" हे इतक्यांदा ऐकलंय की आता हिशेबच मांडतो.

दुर्ग-भिलाईखालची चुनखडी कोट्यवधी वर्षं दबून घट्ट झालेली. पोलाद कारखान्याच्या नंदिनी खाणीतला दगड फोडून पाहा, अंगात पाणी मुरायला जागाच नाही. म्हणून इथलं पाणी भेगांत आणि दगड विरघळून झालेल्या पोकळ्यांत असतं. एकाच्या बोअरला धो धो पाणी, शेजाऱ्याच्या बोअरमधून नुसता धुरळा. इथपर्यंत सगळं खरं. पण हाच न्याय मुंबई हायला कसा लावता?

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ साली सापडलेल्या मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचा मुख्य साठा 'एल-३' थरात आहे. ही मायोसीन काळातली चुनखडी इथल्या मानाने अगदी कोवळी; तेल तिच्या छिद्रांत बसलंय. सच्छिद्र चुनखडीच्या १०० घनमीटरांत १५-२० घनमीटर छिद्रं सहज असतात. भेगांची जागा बहुतेकदा एक घनमीटरही भरत नाही. भेगा तेल वाहून आणतात, साठवत नाहीत. वाहून आणण्यात मात्र त्यांचा हात कोण धरणार? बाकी सगळं तेच ठेवून भेगेची रुंदी दुप्पट केली, तर प्रवाह आठपट होतो. इराणच्या अस्मारी चुनखडीतल्या विहिरी जोरात वाहिल्या त्या भेगांमुळेच. पण त्याच वाटेने पाणीही विहिरीत घुसतं आणि तेल दगडातच अडकून पडतं. मग नुसत्या भेगा मोजून काय कळणार? त्या किती उघड्या आहेत, कोणत्या दिशेच्या, एकमेकींना जोडलेल्या का, हे पाहावं लागतं.

अपवाद आहे, हो. मुंबई हायच्याच तळाशी, चुनखडीखालच्या कठीण खडकात, भेगांतूनच तेल मिळालंय. पण तो खडकच वेगळा!

भेगांबद्दल आणखीही काही गैरसमज ऐकू येतात. "खाणीत दिसते तेवढीच रुंद भेग खोलवरही असते." नाही, खाणीतली भेग सुरुंगाने आणि वरचा भार उतरल्याने फाकलेली असते.

"उभ्या विहिरीत भेग लागली नाही, म्हणजे नाहीच." भेगा बहुधा उभ्या असतात, उभी विहीर दोघींच्या मधून निघून जाते, म्हणून तर तिरपी खोदतात.

"कोअरमधली, म्हणजे विहिरीतून काढलेल्या दगडाच्या नळकांडीतली, प्रत्येक चीर नैसर्गिक." खोदतानाही दगड तडकतो. चिरेत पांढरं कॅल्साइट दिसलं तर ती जुनी, नैसर्गिक. पण तेच गच्च भरलं असेल तर तिच्यातून तेल यायचं नाही.