अर्ध्या सेकंदाचे पाय

पोलादपुरातल्या एका काकांनी उभी हयात विमानांना कापड चढवण्यात घालवली, हे कळलं आणि महाडहून एसटी धरली. विमानाला कापड! काका हसले. ‘पुष्पक’ विमानाचे पंख कापडाचेच असायचे. त्यावर डोप नावाचं रोगण फासायचं. ते सुकताना आक्रसतं आणि कापड ढोलाच्या पानासारखं ताणून बसतं. त्या डोपचा एक जुना डबा त्यांनी जपून ठेवलाय. मध्येच झाकण उघडून हुंगतात. मलाही हुंगवला, डोकं गरगरलं.

बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टचं हे दोन आसनी विमान 1958 साली पहिल्यांदा उडालं. आराखडा आपल्या गडहिंग्लजकडच्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या देखरेखीखालचा. इंजिन 90 अश्वशक्तीचं, आणि तिसरं चाक शेपटीखाली.

त्या चाकातच सगळी गोम. काकांनी नातवाची तीनचाकी मागितली आणि उलटी ढकलली. दोन हात गेली नाही तोच गर्रकन फिरली. विमानाचं वजन पुढच्या दोन चाकांच्या मागे असतं; शेपूट जरा बाजूला सरकली की ते वजनच तिला आणखी रेटतं. याला ग्राउंड लूप म्हणतात. शेपटीचं सुकाणू, म्हणजे रडर, पायांनीच फिरवायचं. “अर्ध्या सेकंदात पाय गेला पाहिजे,” काका म्हणाले. नाही गेला, की पंख जमिनीला घासतो आणि कापड चढवायला काका.

जमिनीवर नाक वर असतं, समोरचं दिसत नाही. म्हणून नागमोडी चालवायचं, आलटून पालटून बाजूने बघत. धावताना शेपूट उचलली की नाक डावीकडे ओढतं. उजवा पाय तयार हवा. उतरताना वेग मरत जातो तसतसं रडर दुबळं होतं, आणि नेमका तेव्हाच वारा आडवा येतो.

पायांचं हे काम कळावं म्हणून काकांनी विटेवर फळी टाकली, मला खुर्चीत बसवून दोन्ही पाय तिच्यावर ठेवायला लावले आणि स्वतः टोकं हलवू लागले. फळी सरळ ठेवायची, एवढंच. मी जोर लावला की ती पलीकडे कलंडायची. “दाबू नका, टिचकी मारा. अर्धा सेकंद!” पोटऱ्या भरून आल्या.

हल्ली मुलं बहुतेक पुढे चाक असलेल्या विमानावर शिकतात. त्यात वजन मागच्या दोन चाकांच्या पुढे, म्हणून वाकडं उतरलं तरी ते आपसूक सरळ होऊ बघतं. काका त्याला तुच्छतेने ‘रिक्षा’ म्हणतात. उद्या प्रवासी विमान चालवणाऱ्याने शेपटीशी कशाला झुंजायचं, असं मी विचारलं.

“आडवा वारा काय तिकीट बघून येतो?” काका म्हणाले. मला पटलं. पण शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचा विमा उतरवणाऱ्या कंपनीला पटेल की नाही, शंका आहे.