दूरस्थ निर्देशिकांची जोडणी : नाव, स्थान आणि लिपी

युनिक्स व तत्सम प्रणालींत संगणकावरील सर्व फाइलींची एकच वृक्षाकार रचना असते. तिच्या एखाद्या रिकाम्या निर्देशिकेच्या जागी दुसऱ्या साठ्याची संपूर्ण रचना बसविणे, या क्रियेस ‘माऊंट’ म्हणजेच जोडणी असे म्हणतात. हा साठा त्याच यंत्रातील तबकडीवर असो वा शेकडो कोसांवरील यंत्रात, वाचणाऱ्या आज्ञावलीस दिसते ते केवळ नाव. भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे संज्ञा स्थिर राहते आणि तिचा आश्रय मात्र बदलतो.

या रीतीचे महत्त्व हिंगोली जिल्ह्यास विशेष आहे. औंढा नागनाथ तालुक्यात उभारावयाच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील लायगो वेधशाळांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी प्रथम अशी लहर टिपली. त्यांची खुली केलेली सामग्री ‘सीव्हीएमएफएस’ या फाइल-प्रणालीद्वारे लिनक्स यंत्रास जोडून घेता येते. ही जोडणी केवळ वाचनापुरती असते. फाइलीचा जेवढा भाग मागितला जाईल तेवढाच आणला जातो व पुढील उपयोगासाठी स्थानिक तबकडीवर राखून ठेवला जातो. त्यामुळे सर्व सामग्री उतरवून न घेताही अभ्यासकास तीवर काम करता येते. औंढ्याच्या सामग्रीसही पुढे अशीच सोय उपकारक ठरेल, असे मानावयास हरकत नाही.

तथापि दोन्ही बाजूंस एकाच कुळातील यंत्रे असली म्हणजेच हे काम इतके सुलभ होते. पलीकडे आयबीएमचे मेनफ्रेम असल्यास प्रश्न निराळा होतो. तेथील पारंपरिक साठ्यात वृक्षाकार निर्देशिका नसतात. बिंदूंनी विभागलेली, जास्तीत जास्त 44 अक्षरांची नावे असलेले ‘डेटासेट’ असतात. त्यांतील ‘विभागित’ प्रकारच्या डेटासेटमध्ये आठ अक्षरांपर्यंतच्या नावांचे घटक असतात. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने 1984 मध्ये निर्माण केलेली ‘एनएफएस’ ही पद्धती मेनफ्रेमवरही उपलब्ध आहे. तिच्या योगे विभागित डेटासेट निर्देशिकेसारखा व त्याचे घटक फाइलींसारखे दिसू लागतात. परंतु हे दिसणे म्हणजे एक प्रकारचे भाषांतरच होय, आणि भाषांतरात काही हरपण्याचा संभव नेहमीच असतो.

पहिला संभव संकेतांचा. मेनफ्रेमवरील ‘एब्सिडिक’ संकेतावलीत रोमन ‘ए’ या मोठ्या अक्षराचा क्रमांक 193 आहे, तर ‘आस्की’त तो 65 आहे. म्हणून जोडणी करताना ‘टेक्स्ट’ अथवा ‘बायनरी’ असा पर्याय सांगावा लागतो. पहिल्यात संकेतांचे रूपांतर होते, दुसऱ्यात मूळ अंक तसेच येतात. आता 1991 च्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणकात 193 हा क्रमांक ‘ण’चा व 198 हा ‘न’चा आहे. अशी मराठी शब्दसूची ‘टेक्स्ट’ पर्यायाने वाचल्यास ‘ण’च्या जागी रोमन ‘ए’ आणि ‘न’च्या जागी ‘एफ’ येईल. ‘मन’ व ‘मण’ यांतील ज्या भेदावर वर्णविचार उभा करावयाचा, तो भेद लिपीबरोबरच दृष्टीआड होईल. नेमके तेच कोष्टक उलट लावल्यासच मूळ परत मिळेल.

दुसरा संभव नोंदींचा. युनिक्समध्ये फाइल हा अंकांचा अखंड प्रवाह असतो. मेनफ्रेमवर बहुधा ठराविक लांबीच्या नोंदी असतात, आणि छिद्रपत्राच्या वारशाने आलेली 80 ही लांबी सर्वपरिचित आहे. युनिकोडच्या ‘यूटीएफ-8’ रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. सलग 26 चिन्हांत 78 बाइट भरतात. सत्ताविसाव्याचे दोन बाइट या नोंदीत आणि तिसरा पुढल्या नोंदीत जातो. प्रत्येक नोंदीस स्वतंत्र ओळ मानणाऱ्या आज्ञावलीने ते चिन्ह दुभंगते.

या दोषांचे गांभीर्य असे की, यंत्र त्यांची वाच्यता करीलच असे नाही. फाइल उघडते, ओळीही मोजता येतात. बिघडलेला असतो तो पाठ. म्हणून जुन्या भाषिक सामग्रीची जोडणी प्रथम केवळ वाचनापुरती व ‘बायनरी’ पर्यायाने करावी. स्थानिक प्रत घेऊन नोंदींची लांबी व संकेतावली निश्चित करावी. रूपांतर त्या प्रतीवर करून निवडक शब्द मूळ छापील सूचीशी ताडून पाहावेत. जोडणीने आपणांस फाइलीचे नाव हाती येते. तिचा पाठ शुद्ध आहे किंवा नाही, हे ठरविण्याचे काम अभ्यासकाचेच राहते.