२५५ आणि उरलेला बाईट

फोल्डरमध्ये हजारो नावं असली तरी त्यातलं फोल्डर कुठलं आणि फाइल कुठली हे संगणक लगेच सांगतो, एकही फाइल न उघडता. त्याला हे कळतं कसं, हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हरवलेला डेटा काढून देणाऱ्या एका ताईंच्या टेबलाशी जाऊन बसलो. खोलीत सोल्डरचा वास भरला होता.

ताईंनी फाइली मांडून ठेवण्याच्या ईएक्सटी२ पद्धतीचा पेनड्राइव्ह लावला, त्यावर ‘पुणे’ नावाचं फोल्डर केलं आणि डिरेक्टरीचा तुकडा कच्च्या आकड्यांत उघडला. नोंदीचे पहिले चार बाईट म्हणजे आयनोडचा क्रमांक. आयनोड हा फाइलचा सातबारा, खरी माहिती तिथे असते. पुढचे दोन बाईट नोंदीच्या लांबीचे. त्यानंतर पेन्सिलीचं टोक थांबलं: ०सी, ०२.

“०सी म्हणजे बारा. नावाची लांबी.” प, उकार, ण, मात्रा, प्रत्येकी तीन बाईट. “आणि हे ०२ म्हणजे फोल्डर.” साधी फाइल असती तर ०१ दिसलं असतं, दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी सिम्लिंक असती तर ०७.

“२५५ लक्षात ठेवा,” ताई म्हणाल्या. १९९३ साली ईएक्सटी२ आली तेव्हा नावाच्या लांबीसाठी दोन बाईट राखले होते. पण नावाची मर्यादाच २५५ बाईट, आणि २५५ एका बाईटात मावतं. दुसरा नुसता शून्य धरून बसलेला. पुढे तोच फाइलच्या प्रकाराला दिला. जुन्या नोंदींत तिथे शून्य होतंच, म्हणून शून्याचा अर्थ ठरला ‘प्रकार माहीत नाही’. नोंद एका बाईटानेही वाढली नाही. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते हेच! तेव्हापासून फोल्डरमागून फोल्डर धुंडाळताना प्रत्येक नावासाठी सातबारा काढावा लागत नाही. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर हा हेलपाटा फार महाग पडायचा.

“पण हा बाईट खोटं बोलला तर?” मी विचारलं.

ताईंनी ०२ पुसून ०१ लिहिलं आणि तपासणी चालवली. पडद्यावर ओळ उमटली: ‘पुणे’चा प्रकार चुकीचा, १ आहे, २ हवा, दुरुस्त करू? आयनोडशी ताडून पाहिल्यावर चूक उघडी पडली होती. ताईंनी ‘वाय’ दाबलं, तुकडा पुन्हा उघडला आणि पेन्सिल त्याच जागी टेकवली.

०सी, ०२.